थेट दुसऱ्या वर्षाला

प्रिय दादा,

दहावीला गणितात मी काठावर सुटले, तेव्हा तू म्हणालास, "इंजिनिअरिंगचं खूळ सोड." मग लग्न झालं. चाळिशीत कारखान्यातली नोकरी सांभाळून मी डिप्लोमा केला. त्या जोरावर यंदा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, तोही नेमका तुझ्या भाच्याच्या वर्गात.

तो म्हणाला, "आई, वर्गात ओळख दाखवू नकोस." मी बरं म्हटलं.

पहिल्याच तासाला सर मला म्हणाले, "पालक ना? बाहेर थांबा." हशा पिकला. तेव्हा तो उठला.

"सर, ती माझी आई आहे. इथेच शिकते."

घरी अजून फुगलेलाच असतो. वर्गात मात्र शेजारी बसतो.

तू विचारशील, "या वयात कशाला?" तुला पटवत बसायचं नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी,
धाकटी