दोघंही खेळतील

मस्कत

प्रिय राजूदादास,
अक्षदाचा नमस्कार. मी मजेत आहे, कोचचं काम छान चाललंय. पोशीरच्या आपल्या शेतात भाताची लावणी आटोपली का? आईचे गुडघे कसे आहेत?

काल एक बाई मुलगा-मुलगीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "एकालाच टेनिस शिकवणं जमेल. कोणाला, ते तुम्ही ठरवा."

मला आपले बाबा आठवले. त्यांनाही एकालाच शिकायला पाठवणं परवडणार होतं. बाबा राखण करायचे त्या फार्महाउसच्या टेनिस कोर्टवर तू मला रोज हरवायचास. तरी बाबांना म्हणालास, "तिला धाडा, मी हाय शेताला."

मी दोघांनाही ठेवून घेतलं. मुलाची फी घेणार नाही.

दादा, खांदा निकामी होऊन माझा खेळ सुटला, तेव्हा मी रडले ती तुझ्या खेळासाठी. तू किती पुढे गेला असतास!

वहिनीला सांभाळ.

तुझी,
अक्षदा