रघुनाथचे डोळे आणि वसूची टाकी

२ सप्टें. ८६
निम्म्या शॉपला डोळे आलेत. फोरमन रघुनाथ काळा गॉगल लावून लेथवर, जसा काही पिक्चरचा हिरो. दुपारी भाची वसू पुण्याहून थेट सातपूरला. पुण्याच्या लॅबमध्ये ती विषाणूंवर संशोधन करते. चहा नको, पाणी नको, आधी रघुनाथच्या डोळ्यातून कापसाची काडी फिरवली. काडी बाटलीत, बाटली बर्फात. रघु. खूश: "शेठ, मी अजून पुणं पायलं नाय, माझा रोग चालला!"

३ सप्टें.
जेवताना वसूकडून सगळं काढून घेतलं. विषाणूच्या पोटात आर.एन.ए. नावाचा धागा. अक्षरं चारच, पण माळ लांबलचक. आपल्या अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढतो, आणि नकलेत चुका होतात. म्हटलं, अगं, हे आमच्यासारखंच! ड्रॉइंग हरवलं आणि तयार जॉबवरून पुढचा जॉब काढत गेलं की मूळ माप उरत नाही. वसू ताटावरून उठायचीच बाकी. "मामा, तेच! चुका जुळवल्या की कोण कोणाचं पोर ते कळतं."
डोळ्यांच्याच फार मागच्या एका साथीतला नमुना तिच्या सरांनी गोठवून ठेवलाय. थोडे थेंबच उरलेत. त्याची अक्षरं आणि रघुनाथच्याची शेजारी ठेवायची. तोच परत आला, की हा दुसराच?
अडलंय टाकीपाशी. उभी, ॲक्रिलिकची. दोन काचांमध्ये जेली, तीत वीज सोडायची, धाग्याचे तुकडे आकाराप्रमाणे खाली उतरतात. परदेशातून टाकी येईपर्यंत वसूची फेलोशिप संपणार. मग सगळं दुसऱ्या कोणाच्या हातात.
मी बॅटरीचे खोके करणारा. करतो म्हणून बसलो!

२० सप्टें.
टाकी परत गळली. क्लोरोफॉर्मने ॲक्रिलिक विरघळवून सांधे जोडले, पाणी भरलं, सगळे डोळे फाडून बघतायत. थेंब दिसायच्या आधी मला ऐकू आला. उजवा कोपरा. बायको म्हणाली, "घरात बोलावलं तर ऐकू येत नाही ते!"

खंडेनवमी
टाकी तयार. एक थेंब नाही. लेथ, ड्रिल, टाकी, सगळ्यांची पूजा. हळदकुंकू, झेंडू, वर नारळाचं पाणी. एकेकाने टाकीला हात लावून नमस्कार केला. रघुनाथने तर कपाळच टेकवलं. संध्याकाळी पुसून पुण्याला रवाना. छाती फुगलीय.

१७ ऑक्टो.
वसूचा फोन. "हॅलो" वरूनच ओळखलं. रघुनाथचा आर.एन.ए. टाकीत घातला, तर रेघ यायच्या जागी नुसता धुरासारखा फराटा.
"मामा, टाकीला हात कोणी लावला?"
"सगळ्यांनी. पूजा होती ना."
वसू हसायलाच लागली, रडल्यासारखी. माणसाच्या बोटांवर म्हणे असं काही असतं की आर.एन.ए. चं पाणी करून टाकतं. एक बोट पुरतं. आणि आमचं तर आख्खं शॉप, शिवाय खाचेत नारळपाणी. तिने धुतली होती, पण खाचा राहिल्या. नशीब, रघुनाथचा नमुना पुष्कळ वाढवून ठेवलाय. जुना घातला असता तर संपलंच होतं.

४ नोव्हें.
दुसरी टाकी. देवळालीतून रबरी हातमोजे आणवले. मोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून सगळे. दरोडेखोरांची टोळी. बायकोचा हट्ट, पूजेशिवाय पाठवायची नाही. तोडगा रघुनाथचा: नारळ गेटवर फोडला, आणि टाकीजवळ स्वतः उभा. "लांब! नमस्कार लांबूनच!"

१० नोव्हें.
टाकी मांडीवर घेऊन मीच पुण्याला गेलो. पॅसेजमध्ये सर हळूच वसूला: "सातपूरच्या त्या डब्यात जुना नमुना घालणार? पुन्हा मिळायचा नाही तो." कान तिखट असल्याचा हा तोटा. वसू: "आधी रघुनाथ चालवून दाखवते, सर." नमुन्याला आता तेच नाव पडलंय.
रेघ आली. काळी, सरळ, कडक! सर चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, "घाल."
आता अक्षरं वाचायची. फिल्म जेलीला लावून फ्रीजरमध्ये ठेवतात, उमटायला वेळ लागतो. थंडीत फोटो! मी परत.

१८ नोव्हें.
वसू फोनवर ओरडलीच. "मामा, वाचता येतंय! शिडीसारखं, पायरी न पायरी!" जुना आणि रघुनाथ, दोन्ही. लांबवर एकसारखे, मग मध्येच फरक, परत सारखे. म्हणजे एकाच घरातले? "दोनच नमुन्यांवर छातीठोक सांगता येत नाही. मधले दुवे हवेत." दुवे कुठून आणायचे, साथ तर ओसरली. शॉपमध्ये पेढे वाटले. रघु. विचारतो, "म्हंजी माझा मूळचा की बदललेला?" म्हटलं, तू आधी पेढा खा.

५ डिसें.
रघुनाथ सकाळी गेटवर. दोन्ही डोळे लालभडक, चेहरा मुलगा झाल्यासारखा. "शेठ, परत आला!"
म्हटलं, काल उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलंस का?
"नाय वो." जरा थांबून, "एकदाच."
तरी वसूला फोन लावला. एकदा होऊन गेल्यावर इतक्यात परत, म्हणजे बदललेला असेल, म्हणजे मामा, तिसरा नमुना... तिचं वाक्य पुरं होईना. मिळेल त्या गाडीने निघाली. "त्यांना डोळ्यांना हात लावू देऊ नका!"
गेटपाशी स्टुलावर बसवलाय त्याला. हातात मोजे, हात मांडीवर. डोळ्यांतून पाणी गळतंय, पुसत नाही. कोणी चौकशीला आलं की, "लांब! लांब!"
पुण्याची गाडी अजून यायचीय.