टिनाच्या पाटीवरच्या खुणा

…म्हणूनच लिहून ठेवतो, कारण तोंडी काही सांगायला गेलो की वस्तीचे पुढारी रूपरावजी म्हणतात, "पोरा, आधी बरा तं होय!" मी बरा होत नाही. मी हरिदास कवडू थूल, वय तेवीस, राहणार सिंदी (रेल्वे). क्षयानं छाती पोखरली, डोकं शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही.

घरातला माझा हिस्सा आई देवकाबाईला. सायकल मित्र ओमप्रकाशला. घंटी वाजत नाही, ओरडावं लागेल.

टिनाची पाटी बहीण कमलाला, ब्रश आणि लाल रंगासकट. का, ते सांगतो. आम्ही धर्म बदलला आणि पुढच्याच वर्षी बाबा गेले. जुनी भजनं सोडली होती, नवी पाली बुद्धवंदना कोणालाच येत नव्हती. सगळी वस्ती खड्ड्याभोवती मुकी उभी. फक्त माती पडल्याचा आवाज. तो अजून कानातून जात नाही.

मग मी वंदना समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवली. जिथे लांबवायचं तिथे वर रेघ. जिथे दोन स्वर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत तिथे दोन ठिपके. ही युक्ती मिशन शाळेतल्या डिक्शनरीत सापडली, आणि काय मस्त चालते! कमला न अडखळता म्हणू लागली. रूपरावजी भडकले. "अक्षराइले देवी आल्या काय? किरिस्तावाच्या टिकल्या काऊन लावून राह्यला?" भिंतीवर चुना फासला. म्हणून मी टिनावर पुन्हा रंगवली.

रूपरावजींना माझ्याकडून तो चुन्याचा कुंचा. आमच्याच घरून नेला होता, परत मागत नाही.

माझ्या मातीच्या वेळी वंदना कमलानं म्हणावी, पाटी समोर धरून. बाईमाणूस काऊन, असं कोणी विचारलं तर त्यानं आधी स्वतः म्हणून दाखवावी. खुणा न पाळणाऱ्यानं तोंड उघडू नये.

सही: हरिदास कवडू थूल
साक्षीदार: प्रेमदास मून, गुलाब भगत
सिंदी (रेल्वे), जिल्हा वर्धा, ९ फेब्रुवारी १९५९

सह्या झाल्यावर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले तुह्या टिकल्या नाई समजत, बापू. तुह्या बापाच्या वक्ती चूप राह्यली. तुह्या वक्ती नाई राहात." आणि तिथेच म्हणू लागली. सगळे स्वर एकात एक, जात्यावर बसल्यासारखी. एकही ठिपका पाळला नाही. 'तोंड उघडू नये' हे शेवटचं कलम खोडायला पेन उचलला, अजून तसाच धरून बसलो आहे. तिला अडवायचं का हो? तुम्हाला काय वाटतं?