निळ्या डब्यातली दारू

येनिसेइस्क,
४ सप्टेंबर १९५८

ती. झखारदादास,
तैसियाचा सा. न. वि. वि.

तुझा निळा डबा भरून बोटीने पाठवतेय. दारू आहे, पण बंदुकीची. वाटेत बोटवाल्यांनी चाखू नये म्हणजे मिळवलं! दुकानातली काळी दारू संपली होती. ह्यांनी ओळखीच्या एकाकडून आणली. कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाले, बंदुकीची, अजून कुठली?

इथे आता सगळे कागदी काडतुसं विकत घेतात. तूच एक ती पितळी नळकांडी पुन्हा पुन्हा भरत बसतोस. हे चेष्टेने म्हणाले, तुझ्या भावासोबत तीही पुरावी लागणार. मला हसू आलं नाही.

गुडघे जप. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तैसिया


वेर्खनी याल,
२७ सप्टेंबर

चि. तैसियास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. दारू अगदी तुमच्या शहरासारखी निघाली: करडी, चपट्या कण्यांची. आपली काळी बोटाला काजळी लावते, हिचा डागसुद्धा नाही. म्हटलं, जग सुधारलं असेल. नेहमीचं तांब्याचं माप काठोकाठ भरलं, वर पुठ्ठा, नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती, गोळी, आणि मेणाने तोंड बंद. दहा काडतुसं झाली. चार मला, सहा शेजारच्या उल्यानाला.

नवरा बुडाल्यापासून ती एकटीच शिकारीला जाते, हे तुला ठाऊक आहे. यंदा रानात झाडांना चिलगोजे धरलेच नाहीत. एक अस्वल उपाशी फिरतंय, गुहेत शिरायचं नाव नाही. रानातल्या खोपटातली तिची कोठी दोनदा फोडली. मी म्हटलं, थांब, मीही येतो. तर म्हणाली, अस्वल माझ्या दारी येतंय, तुझ्या नाही; काडतुसं दे आणि चहा पी. काल गेली. कुत्रं तिच्यामागे जाईना, ओढत न्यावं लागलं.

जावईबापूंना डब्याबद्दल आभार सांग. अशीच आठवण ठेवत जा.

झखार


येनिसेइस्क,
११ ऑक्टोबर

दादा,
नमस्कार. बाकी काही लिहीत नाही.

तुझं पत्र जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. घास हातातच राहिला. म्हणाले, बिनधुराची असेल. म्हटलं, असेल म्हणजे काय? म्हणाले, आहे. देणाऱ्याने बजावलं होतं, तराजूत तोलून घाला, मापाने नाही. ही काळीपेक्षा जोराची; काळीच्या मापाने हवी त्याच्या दुप्पट-तिप्पट पडते. मला सांगायचंच राहिलं म्हणतात.

दादा, त्याने बंदूक फुटेल. एकही झाडू नकोस. उल्यानाच्या मागे कुणाला तरी पळव. तारही केलीय. तारबाबू म्हणाला, अर्ध्या वाटेपर्यंत जाईल, पुढे नदी नीट गोठेपर्यंत माणूस मिळणार नाही. मी म्हटलं, किती दिवस? त्याने खिडकीतून नदीकडे पाहिलं.

हे दुपारपासून अंगणात लाकडं फोडताहेत. पुरेशी आहेत, तरी फोडताहेत.

दोन ओळी पाठव. दोनच.

तैसिया


वेर्खनी याल,
६ डिसेंबर

चि. तैसियास आशीर्वाद.

उल्याना जिवंत आहे, हे आधी.

तुझी तार आणि पत्र एकाच घसरगाडीने अठरा नोव्हेंबरला आलं. तासाभरात मी स्की बांधल्या. दोन दिवसांची वाट. खोपटाच्या धुराड्यातून धूर दिसला.

अस्वल ऑक्टोबरच्या शेवटी आलं होतं. पहिल्याच गोळीला बंदुकीची नळी मुळाशी फुटली. आवाजाने अस्वल पळालं, ते परत आलं नाही. तिची डाव्या हाताची तीन बोटं गेली, डावा डोळाही गेला. तीन आठवडे एका हाताने चूल पेटवून, बर्फ वितळवून जगली. आता इथे डॉक्टरांपाशी आहे.

तुझ्या नवऱ्याला, ग्लेबला, बोल लावू नकोस. तो सांगायला विसरला; मी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. ही आपली दारू नव्हे, हे डबा उघडताच कळलं होतं. पण चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्याने विचारायचं कुणाला? त्या ताठ्यात माप भरत गेलो. हे सगळं तिच्यापुढे बोलायचं, असं वाटभर घोकलं होतं.

दार उघडलं. फडक्याने बांधलेलं तोंड तिने वर केलं आणि आधी माझे हात पाहिले. मग विचारलं, तुझी चार काडतुसं झाडलीस का? मी म्हटलं, नाही. तीन आठवडे न रडलेली बाई तेव्हा रडली.

तुझा लोभ मागायला आज जीभ रेटत नाही. तरी मागतो.

झखार