गळाचा मासा वहीत नाही

३ जून ७४, सोम.
मासेखात्याचे साहेब सकाळी तलावावर आले. आमच्या मच्छी सोसायटीची वजनाची वही मी लिहितो, म्हणून पुढे मीच. साहेबांनी तीन सालांची पानं उलटली. मरळ मासा दर साली कमीच.
"आजोबा, तुमच्या जाळ्यांनी तळं खरवडलं. वर्षभर जाळी बंद. पुढच्या सोमवारी हुकूम आणतो."
बारा घरं त्या जाळ्यांवर. 

४ जून, मंगळ.
गोदा जाळंवाली दारात, कमरेवर हात. "आण्णा, आमी आठवड्यातनं दोनदा जाळं टाकतो. आयतवारी सगळ्या काठानं हौशी गळ टाकून बसत्यात, त्यांचं कुठं लिवलंय?"
कुठंच नाही. गळाचा मासा तळ्यानं खुशीनं दिलेला, तोलला तर तळं रुसतं, ही आमची रीत. वही सुरू केली तेव्हा मीच मिरवून सांगितलं होतं, गळाचं लिहायचं नाही. आता...

६ जून, गुरु.
सुभेदारांकडे गेलो. पेन्शनीत आल्यापासून दर रविवारी माझ्या शेजारी गळ टाकतात. जिवाचा माणूस. म्हटलं, रविवारी मासा तोलू द्या, तुमचं बघून बाकीचे देतील. चहा पाजला, पण तोंड उतरलं.
"मी काय चोर हाय व्हय? एका गळानं तळं रितं हुतंय व्हय रं गड्या?"
एका गळानं नाही हो. पण सगळ्यांच्या मिळून...  हे सगळं वाटेत सुचलं.

८ जून, शनि.
गोदानं बोचकं बांधलं. भावाकडे जतला जाते म्हणते. तिथं प्यायलाही टँकर. तिला थांब म्हणायला तोंड नाही.

९ जून, रवि.
सकाळीच काठावर तागडी मांडली. गळवाले हसले. "आण्णांनी भाजीचं दुकान काढलं." दुपार टळली, तागडी रिकामीच. पिशव्या झाकून लोक लांबून गेले. सुभेदार पलीकडच्या काठाला, पाठ करून.
दिवस कलताना तेच आले. मरळ तागडीत ठेवली. चार किलोला जरा कमी. उचलताना पोट दाबलं गेलं, अंडी बाहेर आली. दोघांनी बघितली.
"लिव," म्हणाले.
"आन् मागचं?" मी विचारलं.
ते पाण्याकडे वळले. "मागचं कुणी मोजलंय, आण्णा?"
नवा रकाना आखला. वर लिहिलं, गळ. खाली एकच आकडा. तीन सालांची पानं तशीच.
उद्या साहेब येणार. सुभेदार म्हणाले, मी येतो संगं. ही एक ओळ दाखवून जाळ्यांचा हुकूम थांबतो का, बघू.