आठ फुटांची पांधण आणि माझं आभारप्रदर्शन

बालाघाट, सोमवार

आदरणीय संघमित्राताई,

नागसेनचा सप्रेम जय भीम. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? तू गोळ्या वेळेवर घेते का, की शेजारणीच्या गोळ्यांची चौकशी करण्यात स्वतःच्या विसरते? आमचं इकडे ठीक आहे. फक्त सूनबाई दीपिका म्हणते, आठ दिवसांपासून बाबांची छाती शर्टात मावत नाही. हे पत्र त्या छातीबद्दलच आहे. फोनवर सांगतलं असतं, पण फोनवर तू मधात बोलते.

तुले माहीतच आहे, पटवारीच्या नोकरीतून सुटलो आणि मी इतिहास संशोधक झालो. (घरात याले 'बाबाचा कचरा' म्हणतात.) यंदा इथं परिसंवाद ठरला, 'इतिहास और आज का बालाघाट'. जबलपूरहून डॉ. घनश्याम सर येणार, गोंदियाहून प्रा. खेमराज सर. मी आपल्या गावच्या तलावावर एकवीस पानांचा निबंध दिलता. आयोजकांनी तो जसाच्या तसा परत केला आणि म्हणाले, "दादा, आप आभार मान लीजिए. दो मिनट." पटवाऱ्याले विद्वानांच्या रांगेत कोण बसवते? मी हौ म्हटलं.

निबंध काहून महत्त्वाचा होता ते ऐक. तलावाकडे जाणारी मालगुजाराच्या घरामागची पांधण तुले आठवते ना? तिच्यावर आपल्या मोहल्ल्याले पाय ठेवू देत नव्हते. तू डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन सारा तलाव वळसा घालून यायची. आता त्या जागी प्रेमलालनं लग्नाचा लॉन काढला आणि तारेचं कुंपण ठोकलं. आता तर कोणालेच जाता येत नव्हतं, आपल्या बायांले धुणं घेऊन डांबरी रोडवर ट्रकांच्या मधून जावं लागे. प्रेमलाल माणूस वाईट नाही, पण तो नवा नकाशा दाखवायचा. त्यात वाटच नाही. मी मात्र दोन वर्षं धूळ खाऊन १९१६ सालची गावच्या हक्कांची नोंदवही शोधून काढली. तिच्यात साफ लिहिलं आहे: तालाब तक रास्ता, बारह कड़ी चौड़ा, कुल क़ौमों के लिए. म्हणजे सगळ्या जातींसाठी, ताई! (बारा कड्या म्हणजे आठ फूट. मोजणीची साखळी, आपली जरीब, अजून माझ्या खाटेखाली आहे.)

परिसंवादाच्या दिवशी हॉल भरायची जबाबदारीही आयोजकांनी माझ्याच गळ्यात घातली. मी गावाहून तुळसाकाकू आणि सहा बायांले जीपमध्ये घालून आणलं, जेवणात गुलाबजाम आहे असं सांगून. दोन्ही विद्वान एका शिलालेखावर भिडले, बारावं शतक की तेरावं. दीड तास! शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जुळलं, की आजच्या काळात इतिहासाची फार गरज आहे. कशासाठी, ते दोघांनीही सांगतलं नाही. तुळसाकाकूनं मले दोनदा खुणेनं विचारलं, गुलाबजाम कधी?

मग माझी दोन मिनिटं आली. मी पाहिलं, पाहुण्या म्हणून आलेल्या तहसीलदार श्रद्धा मॅडम पर्स उचलून राह्यल्या होत्या. पण त्यांची शाल आभारानंतर होती, आणि शाल घेतल्याशिवाय पाहुणा जात नाही. मी माईक धरला. आधी घनश्याम सरांचे आभार मानले, मग खेमराज सरांचे, मग १९१६ च्या त्या अनाम मुन्शीचे, ज्यानं 'कुल क़ौमों के लिए' लिहिलं. आणि मुन्शीचे आभार मानता मानता एकवीसही पानं वाचली. आयोजकानं तीन चिठ्ठ्या पाठवल्या. त्यांचेही मी आभार मानले.

संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "काग़ज़ तो ठीक है. पर इस रास्ते का आज किसी को क्या काम?"

मी तोंड उघडायच्या आत तुळसाकाकू उभी राह्यली. "बाई, मी पन्नास वर्षं त्या तलावाले फेरा घातला. आमचे पाय घासले. वाट आमचीबी होती हे आजच समजलं मले. आता तरी एक डाव सरळ जाऊ द्या."

घनश्याम सरांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी शाल न घेताच माझे कागद मागितले.

गुरुवारी मोजणी झाली. मॅडम आल्या, घनश्याम सर मुक्काम वाढवून आले. जरिबीचं दुसरं टोक मीच धरतो म्हणाले आणि धानाच्या बांधीत मांडीपर्यंत चिखलात गेले. पण टोक सोडलं नाही! (मी त्या माणसाले आता विद्वान मानतो.) प्रेमलालनं नोंद स्वतः दोनदा वाचली, डोकं खाजवलं आणि कुंपण आठ फूट मागं घेतलं. पहिली तुळसाकाकू चालली. मी हात द्यायले गेलो तर म्हणे, "सरक तिकडे, मले पाहू दे." ताई, मी चाळीस वर्षं जमीन मोजली, पण आठ फूट एवढे मोठे असतात हे त्या दिवशी समजलं.

तुझा भाऊ,
नागसेन

ता. क. १: पेपरात बातमी आली. माझं नाव शेवटच्या ओळीत आहे: 'आभार नागसेन ने माना.' कात्रण सोबत आहे. फ्रेम करू नको, मी इकडे केली आहे.

ता. क. २: घनश्याम सरांनी मले नागपूरच्या परिषदेत बोलावलं. आभाराले नाही, बोलायले! पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.

ता. क. ३: हे भाऊजींले वाचून दाखवू नको. नव्या नकाशात वाट काहून नाही, हे मी निबंधात लिहिलं नाही. तो नकाशा १९९१ चा आहे. तेव्हा आपलं गाव माझ्याच हलक्यात, म्हणजे पटवारी म्हणून माझ्याच हद्दीत होतं आणि जुन्या नकाशाची नक्कल मीच केलती. कोणी पैसे दिले नव्हते, कोणी धमकावलं नव्हतं. त्या वाटेनं आपण जायचं नाही, हे लहानपणापासून डोक्यात इतकं बसलं होतं, की ती कागदावर काढायचं मले सुचलंच नाही. नागपुरात कोणीतरी विचारणारच, वाट कोणी गाळली. तू ये आणि पहिल्या रांगेत बस. तू समोर असली की मले खोटं बोलता येत नाही.