एका आढ्याखालची दोन घरं

प्रिय डिंपल,

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझी आई दिवसभर माझ्याजवळच बसलेली असते, म्हणून लिहिते आहे.

पवनीतली आपली जोडघरं तुला डोळे मिटूनही दिसत असतील. तुमच्या आणि आमच्या पणजोबांनी मिळून बांधलेली. मधली भिंत एक, कवेलूंचं छप्पर एक आणि दोन्ही घरांवरून गेलेलं सागवानी आढंही एकच. बाकी सगळं आरशातल्यासारखं उलटं. तुमचा जिना डावीकडे, आमचा उजवीकडे. तुमच्याकडे झोपायला आले की अंधारात जिना शोधताना मी भिंतीवर आपटायचे आणि तू अंथरुणातून हसायचीस.

तुझ्या भावानं, राजकुमारनं, गेल्या आठवड्यात तुमची बाजू पाडायला घेतली. कवेलू उतरले तोवर बाबा खिडकीतून बघत होते. आढ्याला करवत लागली तेव्हा मात्र काठी टेकत बाहेर गेले. म्हणाले, "तुह्यं घर तू पाड, बापू. पण आढं कापू नको, ते दोघायचं हाये." राजकुमार खाली बघत म्हणाला, "काका, मले स्लॅब टाकाचा हाये. कुठवर थांबू?" त्याचंही खोटं नाही, त्याची लेकरं गळक्या खोलीत झोपत होती. पण आढं कापलं आणि आमच्याकडचं छप्पर वीतभर खचलं. देवघरावर माती पडली. आता खाली बांबूंचे टेकू लावलेत. वाऱ्यानं ते करकरले की बाबा उठून बसतात.

तुझी आई, आमच्या शकुनकाकू, राजकुमारनं बांधकाम होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या खोलीत गेल्याच नाहीत. कपड्यांचं गाठोडं घेऊन आमच्याकडे आल्या आणि मधल्या भिंतीला पाठ लावून बसल्या. पलीकडे घण पडला की त्यांना हादरा बसतो, तरी तिथून उठत नाहीत. जेवतातही तिथंच.

सोमवारी आम्ही लाखांदूरला दादाकडे जातो आहोत. या छपराखाली राहण्यात आता अर्थ नाही. काकूंना चला म्हटलं, तर म्हणतात, "माही डिंपल येईल. तिनं हो म्हटलंच नाही, म्हनून हा चोरून पाडून राहिला." डिंपल, तू हो म्हटलंस तेव्हाच माणसं लावली, असं राजकुमारनं मला सांगितलं आहे. मी काकूंना काही बोलले नाही, बोलणारही नाही. पण रविवारपर्यंत ये आणि त्यांना तिथून उठव. खरं सांगायचं की नाही, ते तू येताना ठरव. तुझ्याशिवाय त्या कोणासोबतच जाणार नाहीत.

तुझीच,
रिता